पणजीच्या सखल भागात राहायला येताय? पहिल्या पावसाआधी एवढं करा

पणजीत बदलीवर किंवा नोकरीसाठी येणारे बहुतेक जण ऑक्टोबर ते मे या काळात घर शोधतात. मळा या भागातली कौलारू घरं, सांतिनेजमधले तळमजल्याचे फ्लॅट, भाटल्यातल्या गल्ल्या, सगळं तेव्हा कोरडं ठणठणीत असतं. भाडंही वरच्या मजल्यापेक्षा थोडं कमी पडतं. मग जून उजाडतो आणि एखाद्या दुपारी न्हाणीघराच्या जाळीतून काळं पाणी बुडबुडत वर येतं. मी सावंतवाडीहून इथे आले, मळ्याजवळ तळमजल्यावरच राहते. नवे शेजारी दर मे महिन्यात तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे.

पणजीतलं पाणी बहुधा काही तासांचं असतं. ओहोटी लागली आणि पाऊस जरा थांबला की उतरतं. त्यामुळे इथली तयारी म्हणजे ते काही तास निभावून नेण्याची तयारी. साखळी, डिचोली, सत्तरीकडचा पूर हे वेगळं प्रकरण आहे. जुलै २०२१ मध्ये तिकडे नद्या घरांत शिरल्या, भिंती पडल्या. तिथे राहणाऱ्यांनी हा लेख वाचून घरात थांबायचं ठरवू नये. धोक्याचा इशारा आला की त्यांनी बाहेर पडायचं.

## १. पाणी कुठून येतं ते आधी समजून घ्या

पणजीचा बराचसा सखल भाग मुळात दलदल आणि खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली खारट जमीन होती. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगिजांनी राजधानी जुन्या गोव्याहून इथे आणली, ती भराव घालून आणि पाण्याचा निचरा करून. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. भराव झाला तरी पाण्याच्या वाटा तशाच राहिल्या. एका बाजूला मांडवी, मळा-फोंताइन्हासच्या कडेने ओरेमची खाडी, दुसरीकडे ताळगावाहून येणारी सांतिनेजची खाडी, आणि मधोमध आल्तिनोची टेकडी.

आता हिशेब करा. टेकडीच्या एका हेक्टर उतारावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाच लाख लिटर पाणी झालं. दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. टेकडीवर घरं आणि डांबर वाढलं तसं जमिनीत मुरणं कमी झालं, म्हणून यातलं बरंचसं पायथ्याशी येतं. पायथ्याशी कोण, तर मळा, फोंताइन्हास, १८ जून रस्त्याचा परिसर. हे पाणी गटारांतून खाडीत आणि खाडीतून मांडवीत जायचं असतं. पण मांडवीला भरती असेल तर खाडीच आधीच तुडुंब असते. गटाराचं तोंड पाण्याखाली जातं आणि पाणी जागच्या जागी चढतं.

आपल्या पूर्वजांना हे पक्कं ठाऊक होतं. खाजन शेतीत बांधाला लाकडी दारांची मानस असते. भरतीचं पाणी दार लोटून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ते उघडून बाहेर पडतं. माणसाने हातही लावायचा नाही. शहर वसवताना खाजनं गेली, आणि त्यांच्याबरोबर पाणी थोपवून धरणारी मोकळी जागाही गेली. आता तेच काम पंपांवर आहे, आणि पंप वीज असेपर्यंत आणि कचरा अडकेपर्यंतच चालतात.

थोडक्यात, नुसत्या मुसळधार पावसाला घाबरू नका. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आले की बहुधा पाणी घरात शिरतं. पुढचं सगळं यावर आधारलेलं आहे.

## २. घर बघताना काय तपासायचं

घरमालक विचारल्यावर "आमच्याकडे पाणी येत नाही" असंच सांगणार. तो खोटं बोलतो असं नाही. कधीकधी तो स्वतः वरच्या मजल्यावर राहतो. म्हणून भिंतींना विचारा.

जमिनीपासून फूट-दीड फुटावर आडवी फिकट रेघ दिसते का? भिंतीचा खालचाच भाग नव्याने रंगवलाय का, किंवा तेवढ्याच उंचीपर्यंत टाइल लावल्यात का? लाकडी दाराची खालची कड फुगलेली, पोपडे सुटलेली आहे का? विजेचा मीटर आणि प्लगपॉइंट किती उंचीवर आहेत? कमरेच्या वर घेतलेले प्लग दिसले, तर आधीच्या भाडेकरूने काहीतरी भोगलेलं आहे.

मग बाहेर या आणि रस्त्याकडे बघा. घराचं जोतं रस्त्यापेक्षा उंच आहे की रस्ता जोत्यापेक्षा? दर डांबरीकरणात रस्ता काही इंच वर येतो, घर तिथेच राहतं. मळ्यातल्या कित्येक जुन्या घरांत आता रस्त्यावरून एक पायरी खाली उतरून जावं लागतं. स्मार्ट सिटीच्या कामांत पुष्कळ रस्ते खोदून नव्याने केले गेले, त्यामुळे "पूर्वी इथे कधी पाणी नव्हतं" हे जुन्या माणसाचं सांगणं खरं असूनही आज लागू होईलच असं नाही.

सगळ्यात भरवशाचा साक्षीदार म्हणजे पोदेर, घरोघर पाव विकणारा. पाऊस असो वा ऊन, तो पहाटे आणि संध्याकाळी सायकल घेऊन प्रत्येक गल्लीत येतो. कोणत्या वळणावर त्याला उतरून सायकल ढकलावी लागते, हे त्याला विचारा. दुसरा प्रश्न शेजाऱ्यांना विचारायचा: "पावसाळ्यात स्कूटर कुठे लावता?" पाणी येतं का, असं विचारलं तर लोक गल्लीची अब्रू राखतात. स्कूटरचं विचारलं की खरं सांगतात. आमच्या गल्लीतल्या सगळ्या स्कूटर जूनमध्ये चढावर, देवळाच्या बाजूला जातात.

भाडेकरारात दोन वाक्यं घालून घ्या: पुरामुळे भिंती, फरशी, वायरिंग बिघडलं तर दुरुस्ती मालकाची, आणि घर राहण्याजोगं नसेल त्या दिवसांचं भाडं नाही. सगळेच मालक मान्य करतील असं नाही, पण ज्याला हा विषयच काढलेला आवडत नाही, त्याचं घर मी तरी घेणार नाही.

## ३. भरतीचं घड्याळ शिका

हे मोबाइलवर होतं, पण तिथीवरून करता आलं तर बरं. पावसात नेट जातं, तिथी कुठे जात नाही.

अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची, म्हणजे मोठी भरती असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे लहान. उधाणाला पणजीत पाणी साधारण दोन मीटरच्या वर चढतं. दिवसाला दोन भरत्या, त्यांच्यात साधारण साडेबारा तासांचं अंतर, आणि दररोज भरती सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकण किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेला आडाखा असा: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर पहाटे आणि दुपारी तीन वाजता, अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहा वाजता. पणजीत यात थोडा फरक पडतो, कधी तासाभराचासुद्धा, म्हणून नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्या. आडाखा एवढ्यासाठी की कालनिर्णयाकडे नुसती नजर टाकून आठवड्याचा अंदाज बांधता यावा.

याला हवामान खात्याचा इशारा जोडा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ च्या वर अति जोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. पिवळा, केशरी, लाल हे रंग साधारण त्याच क्रमाने चढतात. इथली माणसं आणि वर्तमानपत्रं मात्र पाऊस इंचांत मोजतात. "काल पाच इंच पडला" ऐकलात तर १२५ मिलिमीटरच्या वर समजा.

आमच्या घरातला नियम साधा आहे. पिवळा इशारा आणि भांग असेल तर छत्री घेऊन कामावर. केशरी इशारा आणि उधाण असेल तर भरतीच्या दोन तास आधी कोणीतरी एक जण घरी असलाच पाहिजे. लाल इशाऱ्याला तिथी बघायची नाही, गाडी आदल्या संध्याकाळीच चढावर.

## ४. मे महिन्यातली कामं

गोव्यात मे म्हणजे पुरुमेताचे दिवस: सुकी मासळी, मिरच्या, कोकम, तांदूळ भरून ठेवायचे. त्याच आठवड्यात हेही उरकून टाका.

दाराची फळी. वाळूच्या पोत्यांपेक्षा ही कितीतरी बरी. दाराच्या दोन्ही चौकटींना अॅल्युमिनियमची खाच बसवून घ्यायची. तिच्यात वरून सरकेल अशी १८ मिलिमीटर मरीन प्लायची फळी, साधारण दीड फूट उंच. फळीच्या खालच्या आणि दोन्ही बाजूच्या कडांना रबराची जाड पट्टी. पावसाळा सुरू होण्याआधी एकदा बसवून बघायची, कारण चौकट कधीच अगदी सरळ नसते. फळी बसली की वरून लाकडी पाचर ठोकायची, म्हणजे खालचं रबर फरशीवर दाबून बसतं. खरी गळती होते ती खालच्या दोन कोपऱ्यांत. तिथे ओल्या चिकणमातीचा गोळा आतून दाबून भरायचा. सुताराला हे नवीन नाही, सांतिनेज-मळ्यातले सुतार फोनवर माप विचारतात.

फळी दोन फुटांपेक्षा उंच करू नका. जुनी घरं चिऱ्याची आहेत, चिरा पाणी शोषतो, आणि बाहेर कमरेएवढं पाणी नि आत कोरडं, हा दाब जुन्या भिंतीला सोसवेलच असं नाही. तेवढं पाणी आलं तर ते आत येऊ द्यायचं आणि आपण वर जायचं.

न्हाणी आणि संडास. नवखे हमखास इथे फसतात. दार बंद करून निर्धास्त बसतात आणि पाणी मागून येतं, तेही मैलापाणी. घरमालकाला सांगून सांडपाण्याच्या नळीवर, बाहेरच्या चेंबरआधी, पाणी उलटं येऊ न देणारी झडप बसवून घ्या. ती मिळेपर्यंत जुगाड असा: कापडाचा घट्ट गोळा प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्हाणीच्या भोकात दाबायचा, वर वाळूची पिशवी. तशीच एक पिशवी कमोडमध्ये. झडप असेल तर ती मे महिन्यात उघडून साफ करून घ्या. केस आणि चिंध्या अडकलेली झडप बंदच होत नाही.

वीज. ईएलसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला आहे का आणि त्याचं चाचणीचं बटण दाबल्यावर तो पडतो का, हे बघा. इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी जमिनीवर ठेवू नका. फ्रिज आणि वॉशिंग मशीन लोखंडी स्टँडवर घ्या. खालचे प्लग वर घेणं हे इलेक्ट्रिशियनचं एका दिवसाचं काम आहे, आणि खर्च मालकाशी वाटून घेता येतो.

जवळ ठेवायच्या वस्तू. जाड गमबूट, रबरी हातमोजे, एक लांब काठी, दोन टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक, ब्लीचिंग पावडर, रबराचा वायपर, जाड प्लास्टिक, दोरी, रोजच्या औषधांचा आठवड्याचा साठा. पाण्यासाठी झाकणाचे दोन कॅन.

कागदपत्रं. आधार, रेशनकार्ड, भाडेकरार, बँक पासबुक, गाडीची आरसी आणि विमा, मुलांचे दाखले, वॉशिंग मशीन-फ्रिजची बिलं. सगळ्यांचे फोटो मोबाइलवर आणि नात्यातल्या एखाद्याकडे, मूळ प्रती घट्ट झाकणाच्या डब्यात माळ्यावर. याच वेळी घराच्या प्रत्येक खोलीचा फोटो काढून ठेवा. नंतर "आधी असं होतं" हे दाखवायला दुसरं काही नसतं.

## ५. गल्लीची साखळी

एकट्या घराने पाणी अडत नाही. कोपऱ्यावरच्या गटाराच्या जाळीवर एक दुधाची पिशवी आणि चार फांद्या अडकल्या की अख्ख्या गल्लीत गुडघाभर पाणी. ती जाळी भरतीच्या आधी मोकळी करणं हे कोणाचं तरी ठरलेलं काम हवं. आमच्याकडे ते पाळीने होतं, आणि पाळी चुकली की वरच्या मजल्यावरच्या आंटी गच्चीतूनच हाक मारतात, "अरे, आज जाळीची पाळी कोणाची?"

गल्लीच्या ग्रुपवर जूनमध्ये एवढंच टाका: कोणाच्या घरी म्हातारी माणसं किंवा अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे, कोणाची गाडी कुठे आहे आणि किल्ली कोणाकडे, कोणाकडे पंप आहे, वरच्या मजल्यावर कोण कोणाला जागा देणार. नगरसेवकाचा नंबर सगळ्यांकडे असतोच. त्याबरोबर हेही सेव्ह करा: आणीबाणीला ११२, अग्निशमन दल १०१, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७, विजेच्या तक्रारीला १९१२.

ग्रुपवर अफवाही येणार. "धरणाचे दरवाजे उघडले, तासाभरात पणजी बुडणार" हा त्यातला दरसालचा मेसेज. अंजुण्याचं धरण सत्तरीत आहे, त्याच्या विसर्गाची काळजी साखळीकरांनी करायची. पणजीकरांनी भरती बघावी.

एक कडक इशारा. पाणी लवकर उतरावं म्हणून रस्त्यावरच्या चेंबरची झाकणं कोणालाही उघडू देऊ नका. गढूळ पाण्याखाली उघडं झाकण दिसत नाही, आणि आत गेलेला माणूस वर येत नाही. कुठे आधीच उघडं दिसलं तर त्यात उंच फांदी किंवा खांब उभा करून वर लाल कापड बांधा, आणि अग्निशमन दलाला कळवा.

## ६. पाणी चढायला लागलं की

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून तसाच पाळा.

आधी न्हाणी आणि संडास बंद. मग दाराची फळी. मग गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, आणि पाणी उंबरठ्याशी आलं की मेन स्विच खाली. हात आणि पाय कोरडे असतानाच हे करायचं. पाणी घरात शिरल्यावर ओल्या पायाने मेन स्विचजवळ जाऊ नका, १९१२ वर किंवा अग्निशमन दलाला सांगून बाहेरून पुरवठा तोडून घ्या. त्यानंतर गाद्या, तांदूळ, पुस्तकं वर. म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना पाणी घोट्याएवढं असतानाच शेजारी वरच्या मजल्यावर पोचवा.

पाण्यातून चालायचंच असेल तर काठीने पुढची जमीन चाचपत चाला, गटाराच्या कडेने नाही. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी हलते, म्हणून पाटो पुलाजवळून किंवा खाडीच्या कडेने गाडी काढण्याचं धाडस नको. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी गेलेलं असतं, स्टार्टर मारला की इंजिन बसतं. जनरेटर असेल तर तो घरात किंवा बंद व्हरांड्यात लावायचा नाही, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू जीव घेतो आणि वासानेही कळत नाही.

पंप कधी लावायचा? बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली गेल्यावर. त्याआधी लावला तर तेच पाणी फिरून आत येतं आणि पंप जळतो.

## ७. पाणी ओसरल्यावर

आधी फोटो, मग झाडू. भिंतीवरची पाण्याची पातळी खडूने आखा, तारीख लिहा, मोजपट्टी धरून फोटो काढा.

गाळ ओला असतानाच काढा, वाळला की फरशीला चिकटून बसतो. गमबूट आणि हातमोजे घालूनच, कारण उंदरांच्या लघवीतून पाण्यात आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायावरच्या लहानशा जखमेतून शिरतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यात उतरले होते" हे पहिल्यांदा सांगा. ते वाक्य ऐकल्याशिवाय साधा ताप समजून गोळ्या दिल्या जाण्याची शक्यता असते.

जमिनीखालची पाण्याची टाकी असेल तर तिच्यात गटाराचं पाणी गेलंय असंच धरून चाला. रिकामी करा, घासा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, ते पाणी टाकून द्या, मग भरा. तोपर्यंत प्यायला कॅनचं, नंतरही काही दिवस उकळून. भिजलेल्या उपकरणांना उन्हात ठेवून लगेच प्लग लावायचा मोह होतो. इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत लावू नका.

चिऱ्याची भिंत वाळायला महिने लागतात. रंग दिवाळीनंतर, कपाट भिंतीपासून चार बोटं लांब.

## ८. भरपाई, विमा आणि अर्ज

नैसर्गिक आपत्तीच्या मदतीसाठी अर्ज मामलेदार कार्यालयात जातो, पणजीसाठी तिसवाडी तालुक्याच्या. तलाठी पंचनाम्याला येतात, त्यामुळे सगळं आवरून चकाचक करायच्या आधी कळवा. बहुधा मागतात ते: आधार, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार, पासबुक, नुकसानीचे फोटो आणि यादी. अग्निशमन दल आलं असेल तर त्यांचा अहवालही मागून घ्या, तो पुढे विम्यालाही लागतो. मदतीची रक्कम तुटपुंजी असते. तरी अर्ज करा, कारण त्या गल्लीत पाणी शिरलं याची सरकारी नोंद तेवढीच.

गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं काही मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात मिळतं, पण इंजिनात पाणी गेल्याचं नुकसान बहुधा वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं असेल तरच. हे पॉलिसीच्या कागदावर शोधा, एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका. मला एकाने "सगळं येतं हो ताई" असं तोंडभर सांगितलं होतं, कागदावर एक अक्षर नव्हतं. भाडेकरूलाही घरातल्या सामानाचा विमा घेता येतो, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

गटाराची तक्रार करताना घोळ होतो तो कोणाचं गटार यावर. घरासमोरचं बहुधा महानगरपालिकेचं, मोठ्या रस्त्याच्या कडेचं सार्वजनिक बांधकाम खात्याचं असू शकतं, खाडी आणि बांधाशी जलस्रोत खात्याचा संबंध. एका ठिकाणी अर्ज दिलात तर दुसरीकडे बोट दाखवतात. म्हणून एकच पत्र तिघांच्या नावे लिहा, गल्लीतल्या घरांच्या सह्या घ्या, खडूच्या रेघेचे फोटो जोडा, त्या दिवसाची भरतीची वेळ आणि पाणी शिरल्याची वेळ शेजारी शेजारी लिहा. तिन्ही ठिकाणी पोच घ्या. अर्ज ऑक्टोबरमध्येच द्या आणि फेब्रुवारीत पोच घेऊन पुन्हा जा. एप्रिल-मे महिन्यात गाळ काढायला माणसं गल्लीत उतरली की यादी ठरलेली असते, तेव्हा तुमचं गटार तिच्यात घालायला कोणी तयार होत नाही.